तुमच्या झेरॉक्सवर तिरपी रेघ आहे का?

एक सोप्पा हिशेब करून बघा. गेल्या आठवड्याभरात तुम्ही तुमचा मोबाईल नंबर कितीजणांना दिलात? मित्राच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं, तिथे एक. मॉलमध्ये दोन टीशर्ट घेतले, काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘सर, मोबाईल नंबर?’ तिथे दुसरा. नव्या कॅफेतल्या फुकट वायफायसाठी तिसरा. जिमच्या ट्रायलसाठी चौथा. पार्लरमध्ये, पेट्रोल पंपावरच्या लकी ड्रॉमध्ये, चष्म्याच्या दुकानात... दहा अंक, दहा सेकंदं, खेळ खल्लास! आणि मग रविवारी दुपारी मस्त डोळा लागलेला असताना फोन वाजतो, ‘सर, पर्सनल लोन पाहिजे का?’ तेव्हा आपण चिडतो, ‘यांना माझा नंबर मिळतो तरी कुठून?’

कुठून म्हणजे काय बॉस, आपणच वाटला की! हळदीकुंकवाला वाण वाटावं तसा.

यावर आपल्या पिढीचं एक ठरलेलं उत्तर असतं. ‘जाऊ दे ना यार, माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ पगार तर इन्कम टॅक्सवाल्यांना माहीत आहेच, फोटो इन्स्टावर आहेत, लोकेशन कॅबवाल्याकडे आहे. प्रायव्हसी-बियव्हसी हे सेलिब्रिटींचे चोचले. सामान्य माणसाला काय करायचंय?

म्हणूनच आज आपण एका अगदी सामान्य माणसाची मतं ऐकणार आहोत. ना आयटीवाला, ना वकील, ना अॅक्टिव्हिस्ट. हे आहेत आमचे काका. मुक्काम पोस्ट अर्धापूर, जिल्हा नांदेड.

केळीचं गाव आणि उघडं पुस्तक

नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात अर्धापूर येतं. इसापूर धरणाचं पाणी, काळी जमीन आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. मराठवाडा म्हटलं की डोळ्यांसमोर टँकर आणणाऱ्यांनी एकदा या पट्ट्यात यावं. काकांची तीन एकर केळी आहे. शिक्षण दहावी. हातात स्मार्टफोन आहे, त्यात व्हॉट्सअॅपचे अकरा ग्रुप आहेत, आणि यूट्यूबवर ठिबक सिंचनापासून किडनी स्टोनपर्यंत सगळं बघून झालेलं आहे.

आता अर्धापुरात प्रायव्हसी शोधायला जाल तर काही खरं नाही. काकांच्या केळीला या खेपेला काय भाव मिळाला, हे काका घरी पोचायच्या आत चहाच्या टपरीवर पोचलेलं असतं. कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, कुणाचं सोसायटीचं कर्ज थकलं, कुणाचा पोरगा पुण्यात एमपीएससीच्या नावाखाली नुसताच रूमवर पडून आहे, सगळ्यांना सगळं ठाऊक. मग असा माणूस डेटा प्रायव्हसीबद्दल काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तोच प्रश्न होता, म्हणून सरळ विचारलं.

काका म्हणाले, ‘हे बग, टपरीवरच्यायला माझं सगळं म्हाईत हाय. पर मला बी त्यायचं सगळं म्हाईत हाय ना! त्यानं माझं बोललं तर मी त्याचं बोलतो. हिशेब बरोबर.’

वाचताना हसू येईल, पण थांबून विचार करा. गावातली माहिती दोन्ही बाजूंनी वाहते. फोनमधली मात्र एकाच बाजूने. तुमच्या फोनातल्या अॅपला तुम्ही रात्री किती वाजता झोपता, कुणाशी बोलता, कुठल्या हॉस्पिटलच्या वेबसाईटवर किती वेळ घालवलात, हे सगळं कळू शकतं. आणि तुम्हाला त्या अॅपबद्दल काय ठाऊक? त्याचा रंग. ही आंधळी कोशिंबीर आहे, आणि पट्टी कायम आपल्याच डोळ्यांवर.

दोन रेघा आणि एक सही

काकांची एक सवय मात्र भारी आहे. आधार कार्डाची झेरॉक्स कुणालाही द्यायची वेळ आली की ते खिशातून पेन काढतात. झेरॉक्सवर आडव्या-तिरप्या दोन रेघा मारतात आणि मधोमध लिहितात : ‘फक्त गॅस कनेक्शनसाठी’. खाली तारीख, खाली सही. बँकेला देताना ‘फक्त बँकेसाठी’, सिमकार्डवाल्याला देताना ‘फक्त सिमसाठी’. झेरॉक्सवाला वैतागतो, काउंटरवरचा पोरगा म्हणतो, ‘काका, खराब झाली कॉपी, दुसरी द्या.’ काका ढिम्म. ‘कशाला पायजे ते सांग, तेवढंच लिवून देतो.’

ही सवय उगाच लागलेली नाही. काही वर्षांपूर्वी गावातल्या एकाच्या आधारच्या झेरॉक्सवर भलत्याच माणसाचं सिम निघालं. त्या सिमवरून काय उद्योग झाले कोण जाणे, पण पोलीस आले ते या बिचाऱ्याच्या दारात! कार्ड त्याचं, पत्ता त्याचा, फोटो त्याचा. ‘हा मी नव्हेच’ हे सिद्ध करता करता त्याच्या नांदेडला चकरा झाल्या, आणि गावात जे नाव खराब झालं ते वेगळंच. या माणसाकडे लपवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. तरी भोगलं त्यानेच.

आता मजा ऐका. आधारची झेरॉक्स अशी सरसकट वाटू नका, असं खुद्द आधारवाल्यांनीही एकदा सांगितलं होतं. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की कुणालाही आधारची झेरॉक्स देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. त्याऐवजी फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. देशभर खळबळ! तोवर हॉटेलच्या रिसेप्शनपासून रूमच्या ब्रोकरपर्यंत सगळ्यांकडे आपल्या झेरॉक्सचे गठ्ठे जमा झालेले. दोनच दिवसांत सरकारने ते पत्रक मागे घेतलं. लोक त्याचा चुकीचा अर्थ लावतील म्हणे, नेहमीची काळजी घ्या म्हणजे झालं. नेहमीची काळजी म्हणजे नक्की काय, ते ज्याचं त्याने ठरवायचं. काकांनी आपलं ठरवलं, पेन काढलं.

मत क्रमांक एक : फोन

आता काकांची मतं क्रमाने घेऊ.

फोनवर काकांचा राग नाही, उलट लाड आहेत. पण फुकट अॅप म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. ‘फुकट कोनी खाऊ घालायलं तर समजून घ्यायचं. बोकडाला बी आधी चांगलंच खाऊ घालतेत.’

या एका वाक्यात सिलिकॉन व्हॅलीचं बिझनेस मॉडेल आलं! सर्च फुकट, मेल फुकट, नकाशे फुकट, मग या कंपन्यांकडे अब्जावधी डॉलर येतात कुठून? मुख्यतः जाहिरातींतून. आणि जाहिरात नेमकी कुणाला दाखवायची हे ठरवायला लागते आपली माहिती. तुम्ही ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये एकदा ट्रेडमिल शोधा, मग महिनाभर ट्रेडमिल तुमच्या मागे धावते की नाही बघा. तुम्ही नाही, ट्रेडमिल धावते!

बरं, अमेरिकेतला सामान्य माणूस यात फार हुशार आहे असंही नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत निम्म्याहून जास्त अमेरिकनांनी कबूल केलं, की कंपन्यांच्या अटी-शर्ती आपण बहुतेक वेळा न वाचताच ‘अॅग्री’ करतो. तिथे तर साऱ्या देशाला लागू होईल असा एकच मोठा प्रायव्हसी कायदा करणं तोवर जमलेलं नव्हतं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी आपापले कायदे केले. युरोपने मात्र २५ मे २०१८ पासून जीडीपीआर लागू केला आणि कंपन्यांना परवानगी नीट मागायला लावली. वेबसाईट उघडली की ‘कुकीज’ची पाटी आडवी येते ना, ती बरीचशी त्याचीच कृपा.

आपल्याकडे जानेवारी २०२१ आठवतोय? व्हॉट्सअॅपने नवी पॉलिसी आणली, ‘मान्य करा नाहीतर...’ असा सूर लावला. आठवडाभर सगळे ‘सिग्नलवर या, सिग्नलवर या’ म्हणत होते. मग सगळे मुकाट व्हॉट्सअॅपवर परत आले, कारण आत्याबाई, सोसायटीचा ग्रुप आणि बॉस तिथेच होते. त्याच पॉलिसीवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण पुढे अपिलात गेलं. आयोगाचा मुद्दा साधा होता. ज्याला ‘नाही’ म्हणायची सोयच नाही, त्याचं ‘हो’ खरं कसं मानायचं?

मत क्रमांक दोन : सरकार

काकांचा फोन म्हणजे निम्मं तलाठी कार्यालय झालेलं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात, आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. मग १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. आधार, जमीन, पीक सगळं एका नंबराला बांधलं.

याला काकांचा विरोध आहे का? अजिबात नाही. ‘सरकारला माझी केळी मोजायची तर खुशाल मोजू दे. पर वारं सुटलं अन् बाग आडवी झाली तर भरपाई बी त्याच फोटोवर दे की! तवा मंग पुन्ना कागद कामून मागायलेत?’

किती शहाणा सौदा आहे हा! माहिती घ्या, पण ज्या कामासाठी घेतली ते काम करा. माहिती देणं हा उपकार नाही आणि गुन्हाही नाही, तो व्यवहार आहे. आणि व्यवहार दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

काकूंचं मत मात्र वेगळं आहे. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली, महिन्याला दीड हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने ई-केवायसी सक्तीची केली, आणि त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी आली. काकूंचा आधार जोडलेला काकांच्या मोबाईलला. म्हणजे पैसे काकूंचे, खातं काकूंचं, ओटीपी मात्र काकांच्या खिशात. ‘माझं आलेलं ह्यायला आधी कळतंय अन् मला मागून,’ काकू फणकाऱ्याने सांगतात. प्रायव्हसी म्हटलं की आपल्याला अमेरिकन कंपन्या आठवतात, पण कित्येक बायकांसाठी तो प्रश्न घरातल्या घरात, उशाखालच्या फोनपाशीच सुरू होतो.

आणि या सगळ्याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली, हे विसरू नका. देशातलं पहिलं आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी रंजना सोनवणे यांना दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते. तेव्हा ते फक्त एक ओळखपत्र होतं. नंतर ते गॅसला, बँकेला, सिमला, पॅनला, रेशनला चिकटत गेलं.

मत क्रमांक तीन : राजकारण

निवडणुका आल्या की काकांचा फोन वाजायला लागतो. रेकॉर्ड केलेला आवाज, ‘नमस्कार, मी अमुक अमुक बोलतोय...’ काका पण वस्ताद, ते उत्तर देतात. ‘बोला साहेब, रस्त्याचं काय झालं?’ पलीकडे रेकॉर्ड चालूच. फोन ठेवून काका विचारतात, ‘ह्यायला माझा नंबर कोनी देला? मी तर न्हाई देला.’

हा प्रश्न २०१८ मध्ये साऱ्या जगाने विचारला होता. केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणात फेसबुकने मान्य केलं की जगभरात सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली असू शकते. त्यातले ५ लाख ६२ हजार भारतीय. आता पुढचा आकडा नीट वाचा. भारतात ते क्विझचं अॅप प्रत्यक्षात डाउनलोड केलं होतं फक्त ३३५ जणांनी! बाकीच्या साडेपाच लाखांनी काहीच केलं नव्हतं. त्यांचा गुन्हा एवढाच की ते अॅप घेतलेल्या कुणाचे तरी ‘फ्रेंड’ होते.

म्हणजे ‘माझी माहिती, माझी मर्जी’ हेही पूर्ण खरं नाही. तुम्ही एखाद्या अॅपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी देता, तेव्हा तुमच्या आईचा, एक्सचा, बॉसचा आणि अर्धापूरच्या काकांचाही नंबर देऊन टाकता. त्यांना न विचारता. काकांचा नंबर कुणी दिला, याचं उत्तर आपल्यापैकीच कुणाच्या तरी फोनमध्ये असू शकतं.

आणि लोक बोलले की फरक पडतो, याचंही एक ताजं उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार खात्याने मोबाईल कंपन्यांना सांगितलं, की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अॅप आधीच घालून द्या. अॅप कामाचं आहे, चोरीचा फोन शोधायला उपयोगी पडतं. पण सक्ती कशाला, आणि ते फोनमध्ये बसून काय काय बघणार, असा गदारोळ उठला. विरोधी पक्ष बोलले, तंत्रज्ञ बोलले, सामान्य माणसंही बोलली. ३ डिसेंबर २०२५ ला सक्ती मागे! जे अॅप लोकांना पटलं, ते लोक आपणहून घेतातच की. त्यासाठी कुणी मानगुटीवर बसायला लागत नाही.

बाप-लेकाचा निकाल

काकांना हे सांगितलं तर ते म्हणतील, ‘हे तर उघड हाय.’ पण हे उघड आहे असं म्हणायला आपल्या देशाला २०१७ साल उजाडावं लागलं.

आधारविरुद्ध २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी सुप्रीम कोर्टात गेले. सुनावणीत सरकारचं म्हणणं पडलं, की प्रायव्हसी हा मूलभूत हक्कच नाही, जुने निकाल तसं सांगतात. मग नऊ न्यायमूर्तींचं खंडपीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सगळ्या नऊ जणांनी एकमुखाने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

यातला एक मराठी धागा सिनेमात शोभेल असा आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, एडीएम जबलपूर खटल्यात सुप्रीम कोर्टाने बहुमताने सांगितलं होतं, की आणीबाणी चालू असताना अटकेविरुद्ध नागरिकाला कोर्टात दाद मागता येणार नाही. त्या बहुमतात होते पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. २०१७ च्या निकालात तो जुना निकाल गंभीर चुकांनी भरलेला होता असं लिहून मोडीत कोणी काढला? यशवंतरावांचे चिरंजीव, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी!

पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, आधारचाही निकाल लागला. आधार टिकलं. पॅनशी आणि सरकारी योजनांशी जोडणी राहिली. पण खासगी कंपन्यांना आधार मागायची मुभा देणारा कलम ५७ चा भाग कोर्टाने रद्द केला आणि बँक खातं, सिम यांची सक्तीची जोडणीही उडवली. २०१९ च्या दुरुस्तीने बँक आणि सिमसाठी ऐच्छिक वापराची वाट पुन्हा उघडली. ‘ऐच्छिक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. काउंटरवरचा पोरगा तो उच्चारत नाही, तुम्हाला ठाऊक असावा लागतो.

रेघेचा कायदा

या सगळ्यातून ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांना मुख्य तरतुदी लागू करायला १८ महिन्यांची मुदत मिळाली. कायदा काय म्हणतो? माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. संमती मोकळेपणाने, समजून-उमजून दिलेली हवी. दिलेली संमती मागे घेणं, ती देण्याइतकंच सोपं हवं. संमती मागणारी सूचना मराठीसह राज्यघटनेतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय हवा. माहिती सांभाळण्यात हलगर्जी झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड.

आता सांगा, काकांच्या झेरॉक्सवर याहून वेगळं काय लिहिलेलं असतं? ‘फक्त गॅस कनेक्शनसाठी’. जे कायद्याला पानंच्या पानं लागली, ते काकांनी दोन रेघांत मांडलं!

अर्थात कायद्यात गोम आहेच. सरकारला स्वतःच्या संस्थांना मोठ्या सवलती देण्याची मुभा आहे. आणि याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी, असं त्या कलमात होतं, ते गेलं. प्रायव्हसीच्या नावाखाली साहेबांच्या फायली बंद होतील, अशी भीती माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली. ज्या महाराष्ट्राने २००२ मध्ये, केंद्राच्याही आधी, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, त्या राज्यातल्या माणसाला हे टोचणारच. पडदा सामान्य माणसाच्या खिडकीला हवा. कचेरीच्या खिडकीला नको.

अंगठा

एक काळ असा होता, की ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी होती. आजोबांच्या पिढीने अंगठा लावायचा थांबवून सही शिकण्यासाठी रात्रशाळा केल्या. आणि आता? रेशनला अंगठा, बँक मित्राकडे अंगठा, सिमला अंगठा. फिरून तिथेच.

पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? नांदेडला लागूनच तेलंगण. २०१८ मध्ये तिथल्या पोलिसांनी एका सिमकार्ड विक्रेत्याला पकडलं. पठ्ठ्याने जमीन नोंदणीच्या सरकारी वेबसाईटवरून लोकांची खरेदीखतं उतरवून घेतली, त्यावरचे अंगठ्याचे ठसे रबरावर उठवले आणि त्यावर ढिगाने सिमकार्डं चालू केली. का? तर महिन्याचं टार्गेट पूर्ण करायला! टार्गेटचं टेन्शन तुम्हा-आम्हाला नवं नाही, पण हे म्हणजे फारच झालं. ज्यांचे ठसे गेले त्यांनी काय चूक केली होती? जमीन घेतली, विकली, कायद्याने सांगितलं तिथे अंगठा दिला. बस.

मराठवाड्यातल्या माणसाला नोंदीची ताकद वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, निजाम गेला, पण त्याच्या काळातल्या नोंदी उरल्या. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातले तेच जुने दप्तर कुणबी नोंदी शोधायला उघडलं. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटवर आधारित निर्णय काढला. पणजोबांच्या नावापुढे कुणा कारकुनाने लिहिलेल्या दोन अक्षरांवर पणतवाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अवलंबून! लिहिणाऱ्याला तेव्हा काय ठाऊक होतं, आपली नोंद पुढे कशासाठी वापरली जाणार? इथे ती लोकांनी स्वतःच मागितली, कुणाला फायद्याची ठरली, कुणाला डाचली. पण एक गोष्ट पक्की. माणूस जातो, राज्यं जातात, नोंद राहते. म्हणून ती देतानाच विचारायचं असतं.

काय विचारायचं? काका विचारतात तेच. ‘कशाला पायजे?’

गंमत अशी की हा प्रश्न दहावी शिकलेले काका विचारतात, आणि एमबीए, बीई झालेले आपण लाजतो. मागे लाइन आहे, काउंटरवरची मुलगी काय म्हणेल, कंजूष वाटेन का... या भिडेपोटी आपण नंबर देऊन टाकतो. खरं तर मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानदारांना बजावलं होतं, की मोबाईल नंबर दिला नाही म्हणून बिल किंवा सेवा नाकारणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तेव्हा पुढच्या वेळी हसून म्हणा, ‘नंबर नको, बिल कागदावर द्या.’ काही होत नाही. बिल मिळतं.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे’ या प्रश्नाचं उत्तर खरोखर ‘काहीच नाही’ असू शकतं. घराला दार आपण चोरीचा माल लपवायला लावत नाही. कोण आत येणार, कधी येणार, हे आपण ठरवावं म्हणून लावतो.

या वीकेंडला करायची पाच कामं

१. यूआयडीएआयच्या वेबसाईटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करा आणि जिथे चालेल तिथे तेच द्या. सोळा अंकी व्हर्च्युअल आयडीही मिळतो, आधार क्रमांकाऐवजी तो वापरता येतो.

२. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. गरज पडली की उघडता येतं. आई-बाबांचंही करून द्या. पण रेशनसाठी अंगठा लागणार असेल तर आधी त्यांना विचारा.

३. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

४. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या अॅपला कॉन्टॅक्ट्स, माइक आणि लोकेशनची परवानगी आहे ते तपासा. टॉर्चच्या अॅपला तुमचे कॉन्टॅक्ट्स कशाला पाहिजेत?

५. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

आणि झेरॉक्स द्यावीच लागली, तर काउंटरवर दोरीने बांधलेलं ते पेन असतंच. दोन रेघा मारा, काम लिहा, तारीख घाला, सही ठोका. काउंटरवरचा वैतागला तर वैतागू दे.

भेटू पुढच्या आठवड्यात!